वायनाडमधील झाडावरचे घर: आजी-आजोबांना घेऊन राहणे जमेल का?

माजघर | १४ ऑक्टोबर, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सहा जण तीन रात्रींसाठी केरळातील वायनाडला जाण्याच्या विचारात आहोत. सात वर्षांच्या मुलाने कुठेतरी झाडावरच्या घराचे छायाचित्र पाहिले आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. वैथिरीजवळच्या एका कॉफीच्या मळ्यात दोन खोल्यांचे असे घर भाड्याने मिळते आहे. एका रात्रीचे १८,००० रुपये, न्याहारीसह. छायाचित्रांत काचेची भिंत आहे, सज्जा आहे आणि चक्क आंघोळीचा टब आहे.

माझी अडचण वेगळीच आहे. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत आणि दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण झाले आहे. सासरे ७६ वर्षांचे असून त्यांना रात्रीतून दोन-तीनदा उठावे लागते. जिना किती पायऱ्यांचा आहे, हे त्या मळ्याच्या संकेतस्थळावर कुठेही लिहिलेले नाही. टबाची मात्र पाच छायाचित्रे आहेत. दोघांसाठी खाली वेगळी खोली घेता येईल, पण मग सगळ्यांनी मिळून जाण्यात अर्थ तो काय उरला, असे नवऱ्याचे म्हणणे आहे. कोणी वयस्कर माणसांना घेऊन अशा घरात राहिले असल्यास कृपया अनुभव लिहावा. पुण्याहून जाण्याचा सोयीचा मार्गही सुचवावा.

कबिनीकाठ | १४ ऑक्टोबर, रात्री १०.३५

माजघरताई, मी गेली अकरा वर्षे म्हैसूरला राहतो आणि वर्षातून एकदा तरी वायनाडला जाणे होतेच, त्यामुळे मार्गाचे सांगतो. पुण्याहून सलग मोटारीने जाण्याचा विचार असेल तर ज्येष्ठांना घेऊन तो करू नका. पनवेलला नेत्रावती एक्सप्रेस पकडलीत, तर कोकण रेल्वेच्या मार्गाने दुसऱ्या दिवशी सकाळी कोझिकोडला उतरता येते आणि तिथून वैथिरी साधारण ६० किलोमीटर आहे. वाटेत तामरस्सेरीचा घाट लागतो. त्याला नऊ मोठी केसपिनासारखी वळणे असून प्रत्येकाला क्रमांक दिलेला आहे. खालच्या गावाचे नाव अडिवारम, म्हणजे मल्याळममध्ये ‘पायथा’, आणि घाट संपतो तिथे लक्किडी. शनिवारी सकाळी आणि रविवारी संध्याकाळी या घाटात वाहने तासन्‌तास खोळंबतात, तेव्हा मधला वार निवडा आणि मुलाला घाटाआधी पोटभर खाऊ घालू नका.

बंगळूर किंवा म्हैसूरमार्गे येणार असाल तर एक गोष्ट ध्यानात असू द्या. गुंडलुपेटहून सुलतान बत्तेरीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ७६६ बांदीपूरच्या जंगलातून जातो आणि रात्री ९ ते सकाळी ६ तो वाहनांसाठी बंद असतो. संध्याकाळी साडेआठला नाक्यावर पोचण्याचा हिशेब करून निघालेले आणि मग हुणसूर-गोणिकोप्पा-कुट्ट असा लांबचा वळसा घालणारे कितीतरी लोक मी पाहिले आहेत. एकदा त्यांत मीही होतो.

सागवान | १५ ऑक्टोबर, सकाळी ७.५०

व्यवसायाने स्थापत्य अभियंता आहे आणि लाकडी बांधकामाची आवड असल्याने या विषयावर थोडे अधिकाराने लिहितो. ‘झाडावरचे घर’ या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिल्यात घराचा भार खरोखर जिवंत झाडावर असतो. दुसऱ्यात लोखंडी खांबांवर उभी केलेली खोली असते आणि झाड तिच्या मधून शोभेला गेलेले असते. तुमच्यासारख्या कुटुंबाला दुसरा प्रकार मुळीच कमी प्रतीचा नाही, उलट मला तो अधिक निर्धास्त वाटतो. विचारायला मात्र हवे.

भार झाडावर असेल तर तो कसा दिला आहे, हे पाहावे. झाडाची उंची शेंड्याकडून वाढते, त्यामुळे खोडात ठोकलेला खिळा वीस वर्षांनीही त्याच उंचीवर राहतो. पण खोडाचा घेर वाढत जातो आणि खरी गोम तिथे आहे. खोडाभोवती साखळी किंवा तारेचा दोर आवळला, तर पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जाते तो मार्गच दाबला जातो आणि काही वर्षांत झाड वठते. म्हणून अनेक बारीक खिळ्यांपेक्षा खोडात खोल शिरणारा एकच जाडजूड बोल्ट बरा. अमेरिकेतील ओरेगन राज्यात झाडांवर घरे बांधणारे मायकेल गार्नियर यांच्या नावाने असा एक बोल्ट ओळखला जातो, आणि पुढे त्याच जातीचे बोल्ट जगभर वापरात आले. घर दोन झाडांवर असेल तर वाऱ्यात दोन्ही झाडे आपापल्या तालात डोलतात, म्हणून तुळईचे एक टोक पक्के आणि दुसरे सरकते ठेवावे लागते. खोलीची लाकडी जमीन जिथे खोडाला भेटते तिथे चहूबाजूंनी मोकळी फट असायला हवी. गेल्यावर ती फट जरूर पाहा आणि इथे कळवा.

आता सासूबाईंचे. वायनाड डोंगराळ आहे, याचा फायदा घ्या. उतारावरच्या झाडावर घर असेल तर वरच्या अंगाने सपाट पूल टाकून थेट दारात जाता येते, एकही पायरी चढावी लागत नाही, आणि तरी पुढचा सज्जा जमिनीपासून तीस-चाळीस फूट उंच असतो. त्या मळ्याला फोन करून ‘पुलाचे घर आहे का’ एवढेच विचारा. नसेल तर पायऱ्यांची संख्या, एका पायरीची उंची (सहा-सात इंचांहून अधिक नसावी), दोन्ही बाजूंना कठडा आहे का, आणि जिना सरळ आहे की गोल, हे विचारा. गोल लोखंडी जिना असल्यास सरळ नकार द्यावा. सज्जाच्या कठड्यातील गजांमध्ये चार इंचांहून मोठी फट नको, कारण मुलगा सात वर्षांचा असला तरी त्याच्यामागून येणारे पाहुणे दोन वर्षांचेही असतात.

अलिप्त | १५ ऑक्टोबर, दुपारी १२.२०

सगळे खरे, पण १८,००० रुपये देऊन झाडावर झोपायचे, याचे मला नवल वाटते. आमच्या सोलापूरकडे ज्वारी हुरड्यावर आली की शेतात चार मेढी रोवून माळा घालत. त्यावर उभे राहून दिवसभर गोफण फिरवायची, पाखरे हाकायची आणि रात्री तिथेच घोंगडीवर आडवे व्हायचे. लहानपणी मी आजोबांबरोबर कितीतरी रात्री तशा काढल्या आहेत आणि माळ्यावर झोपणे ही चैन आहे, असे आम्हा दोघांनाही कधी वाटले नाही. राखणदाराच्या निवाऱ्याला काच आणि टब लावून तो शहरी माणसाला परत विकणे, हा धंदा म्हणून उत्तम आहे.

रानपाखरू | १५ ऑक्टोबर, दुपारी ३.०५

अलिप्त, तुमचा माळा वायनाडातही आहे. केरळच्या डोंगरी भागातील आदिवासी शेताची राखण करण्यासाठी आणि हत्तींपासून जीव वाचवण्यासाठी झाडावर बांबूचे निवारे बांधत आले आहेत. त्याला मल्याळममध्ये ‘एरुमाडम’ म्हणतात. पर्यटकांसाठीची घरे त्याच कल्पनेतून आली. वैथिरीच्या जंगलात सुरुवातीच्या काळातील एका ठिकाणी वर जायला वेताचा पाळणा होता आणि तो पाण्याच्या वजनाने वर-खाली होई. तेव्हा तुमचा आक्षेप टबाला असेल तर मान्य आहे, घराला नसावा.

माजघर, डिसेंबर उत्तम आहे. पाऊस सरलेला असतो, मळ्यांत रोबस्टा कॉफीची तोडणी सुरू होते आणि झाडांवर लाल फळे लगडलेली दिसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये एखादी सर पडली की आठवड्याभरात सारा मळा पांढऱ्या फुलांनी भरतो आणि मोगऱ्यासारखा वास सुटतो, पण तो योग तुमच्या तारखांत नाही. पहाटे उजाडण्याआधी कोणी मुलगा रमतगमत शीळ घालतो आहे असे वाटले तर दार उघडून पाहा. तो मलबारी शीळकरी कस्तुर असेल.

नवखा_प्रवासी | १६ ऑक्टोबर, रात्री ८.४५

याच धाग्यावर विचारतो. पावसाळ्यात या घरांचे दर जवळजवळ निम्मे होतात. पुढच्या जुलैत आईवडिलांना घेऊन गेल्यास काय हरकत आहे? धुक्यातले झाडावरचे घर अधिक सुंदर दिसत असणार.

कबिनीकाठ | १६ ऑक्टोबर, रात्री ९.३०

दिसते सुंदरच, पण आईवडिलांना घेऊन जुलैत जाऊ नका, असे मी स्पष्ट सांगेन. लक्किडी हे केरळातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे. ३० जुलै २०२४ च्या पहाटे मेप्पाडी पंचायतीतील मुंडक्काई आणि चूरलमला या वस्त्यांवर दरड आली आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच पंचायतीत पुत्तुमला येथे असेच घडले होते. आपल्या माळीणची दरड ३० जुलै २०१४ ची, म्हणजे बरोबर दहा वर्षे आधी, त्याच तारखेची. या तारखांनी मी घाबरवतो आहे असे समजू नये. सह्याद्रीचा डोंगर आंबेगावात काय आणि मेप्पाडीत काय, सततच्या पावसाने माती गच्च भिजली की सारखाच वागतो. सागवान यांनी सांगितलेले उतारावरचे घर डिसेंबरात सोयीचे आणि जुलैत नेमके नको असलेले. जळवांचा उपद्रव तर मी गृहीतच धरला आहे.

माजघर | १९ ऑक्टोबर, सकाळी ११.१५

सर्वांचे आभार. सागवानदादा, तुमच्या सूचनेप्रमाणे फोन केला. प्रथम दूरध्वनीवरच्या मुलीने ‘सगळी घरे सारखीच आहेत’ असे सांगितले. पायऱ्या मोजून कळवा, असा आग्रह धरल्यावर दोन तासांनी व्यवस्थापकांचा फोन आला. छायाचित्रातल्या घराला ४४ पायऱ्यांचा गोल जिना निघाला! मात्र त्याच मळ्यात थोडे जुने, बिनटबाचे, सपाट पुलाचे घर आहे आणि त्याचे भाडे १४,००० रुपये आहे. ते त्यांच्या संकेतस्थळावर शेवटच्या पानावर, एकाच छायाचित्रासह आहे. आम्ही तेच घेतले. मुलगा टबासाठी थोडा रुसला आहे.

माजघर | २१ डिसेंबर, रात्री ८.००

परत आलो. सविस्तर लिहिते, कारण इथल्या मंडळींमुळेच हा प्रवास पार पडला.

गाडी वेळेवर होती, घाटात गर्दी नव्हती, आणि मुलाने सातव्या वळणावर व्हायचे ते केलेच. खरा प्रसंग पोचल्यावर घडला. पुलाच्या घरात दुरुस्ती चालू आहे, असे सांगून आम्हाला त्याच भाड्यात टबाचे, म्हणजे गोल जिन्याचे घर देऊ केले आणि वर ‘तुम्हाला अधिक चांगले घर मिळाले’ असेही ऐकवले. सासूबाईंनी जिन्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि पाठ टेकून खालच्या बाकावर बसल्या. ऑक्टोबरातील बोलणे मी लेखी निरोपात मागून घेतले होते, ते दाखवले. पाऊण तास बोलाचाली झाली. शेवटी पहिल्या रात्री सासू-सासऱ्यांना खालची एक खोली जादा पैसे न घेता दिली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे पुलाच्या घरात गेलो. दुरुस्ती म्हणजे गिझरचा बिघाड होता.

त्यामुळे दोन्ही घरे पाहून झाली, हे एका परीने बरेच झाले. टबाचे सांगते. लेकीने हौसेने तो भरायला घेतला. स्नानगृहातील गिझर पंधरा लिटरचा. तळ झाकेपर्यंत गरम पाणी संपले, पुन्हा तापायला वीस मिनिटे, तोवर आधीचे निवले. दीड तासाने टब घोट्याइतका भरला होता. मग दोघे भावंडे त्यात कोरडे बसून पत्ते खेळली. टबाचा रुसवा तिथेच मिटला.

पुलाचे घर मात्र मनापासून आवडले. पूल पंचवीस-तीस फुटांचा असेल, दोन्हीकडे कमरेएवढा कठडा, पायाखाली आडव्या फळ्या, आणि फळ्यांवर वाळूचा खरखरीत लेप, म्हणजे दव पडले तरी पाय घसरत नाही. सासूबाई काठी टेकत एकट्या ये-जा करत होत्या. आत एक अवघी पायरी होती, स्नानगृहाची. त्यांच्या फिजिओथेरपिस्टबाईंनी शिकवल्याप्रमाणे चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी, हे मुलाला पाठ झाले होते. आजी स्नानगृहाकडे निघाली की तो दारातून मोठ्याने आठवण करून द्यायचा.

रात्री घर हलते. हे कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते. वारा फार नव्हता, तरीही मध्येच एक मंद झोका जाणवायचा. सासऱ्यांनी पहाटे तीनला मला हाक मारून विचारले, “सूनबाई, घर हलते आहे की मला चक्कर येते आहे?” मी विजेरी घेऊन त्यांच्या उशाशी ठेवलेल्या तांब्यात पाहिले. पाण्याचा काठ एका बाजूला चढत होता आणि परत खाली येत होता. त्यांनीही वाकून पाहिले, “मग ठीक आहे,” म्हणाले आणि झोपले. आम्ही मात्र नंतर बराच वेळ जागे होतो.

आमची चूक सांगते. दुसऱ्या सकाळी चकल्यांची पिशवी सज्जात राहिली आणि तिच्यातच सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा होता. लाल तोंडाचे एक माकड फांदीवरून आले, पिशवी उचलली आणि समोरच्या फणसावर जाऊन बसले. चकल्या त्याने खाल्ल्या. डबा खाली कॉफीच्या झुडपांत कुठेतरी पडला, तो सापडला नाही. नशिबाने औषधाच्या चिठ्ठीचे छायाचित्र फोनमध्ये होते, त्यामुळे कल्पेट्ट्याच्या औषधाच्या दुकानात त्याच घटकाच्या गोळ्या तासाभरात मिळाल्या. व्यवस्थापकांनी माकडांविषयीची सूचना दाराच्या आतल्या बाजूला लावली होती हे खरे, पण ती इतकी सुबक अक्षरांत आणि फुलांच्या नक्षीत होती की आम्ही तिला शोभेची पाटी समजलो.

फिरण्याचे थोडक्यात. पूकोड तळ्याभोवतीचा फेरा ज्येष्ठांना जमतो. बाणासुर सागर धरण पाहिले. भारतातील सर्वांत मोठे मातीचे धरण म्हणून त्याची ओळख आहे. एडक्कलला आम्ही दोघे आणि मुलेच गेलो, कारण चढ बराच आहे. त्याला लेणी म्हणतात, पण ती डोंगराची भेग आहे आणि वर मोठा खडक अडकून छत झाले आहे. आतल्या भिंतींवर नवाश्मयुगीन मानल्या जाणाऱ्या रेखाकृती कोरलेल्या आहेत. ‘एडक्कल’ म्हणजे मधला दगड, हे वाटाड्याने सांगितल्यावर लेक वर पाहत तिथेच थांबली, पुढे यायला तयार होईना.

जेवणाचे एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. सासूबाई मूळच्या मालवणकडच्या. दोन दिवस अप्पम, पुट्टू, परोठा झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातल्या बाईंना खुणांनी काही हलके मागितले. त्या बाईंनी त्यांच्या स्वतःसाठी केलेली कंजी आणून दिली. लाल, जाड तांदूळ, भरपूर पाणी, बाजूला मुगाची उसळ आणि लोणचे. सासूबाईंनी पहिला घोट घेतला आणि म्हणाल्या, “अगो, ही तर उकड्या तांदळाची पेज!” पुढचे दोन्ही दिवस त्यांनी दुसरे काही मागितले नाही आणि निघताना त्या बाईंना स्वतःजवळची लसणीच्या चटणीची बाटली देऊन आल्या. दोघींना एकमेकींचा एक शब्दही कळत नव्हता.

रानपाखरू, शीळ ऐकली. शेकरूही दिसले, अगदी सज्जासमोर. आपल्या राज्याचा प्राणी इथे कसा, असा मुलाचा प्रश्न होता.

सागवान | २१ डिसेंबर, रात्री ९.४०

वृत्तान्त आवडला. घर हलणे हे सुदृढपणाचेच लक्षण समजा. झाड डोलत असताना घर अजिबात हलत नसेल, तर कुठेतरी काहीतरी तुटायच्या बेतात असते. टबाविषयी एक भर घालतो. तो काठोकाठ भरला असता तर दोनशे लिटरच्या आसपास पाणी, म्हणजे दोनशे किलो वजन जमिनीच्या एकाच कोपऱ्यावर आले असते. गिझर पंधरा लिटरचा ठेवणारा माणूस कदाचित शहाणा असेल.

फट पाहिलीत का?

माजघर | २२ डिसेंबर, सकाळी १०.०५

पाहिली, आणि तेच विचारायचे होते. झाड फणसाचे आहे. मुलाने बोटांनी फट मोजली: दाराच्या बाजूला चार बोटे, खिडकीकडे दोन, आणि पलंगामागे एकही नाही. तिथे साल फळीच्या कडेवर ओठासारखी फुगून आली आहे आणि फळी किंचित वर उचललेली आहे. छायाचित्र जोडले आहे. हे काळजीचे आहे का?

सागवान | २२ डिसेंबर, सकाळी १०.५०

आज नाही, पण दोन-तीन पावसाळ्यांत होईल. झाड फळीला गिळू लागले आहे. वाऱ्याचा प्रत्येक झोका त्या जागी जमिनीच्या चौकटीला धक्का देतो आणि सालही घासली जाते. उपाय सोपा आहे: तेवढ्या भागातील फळ्या तीनेक इंच मागे कापून घ्याव्यात आणि कापलेल्या कडेखाली आधाराची पट्टी मारावी. एका सुताराचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. छायाचित्र त्यांना पाठवा. भांडण झाले असले तरी पाठवा.

माजघर | ४ जानेवारी, संध्याकाळी ६.३०

छायाचित्र आणि तुमचा मजकूर इंग्रजीत करून पाठवला होता. आज त्यांचे उत्तर आले. फळ्या कापल्या आहेत, त्याचे छायाचित्रही पाठवले आहे, आणि पायऱ्यांची संख्या आता संकेतस्थळावर प्रत्येक घराखाली लिहिली आहे. मी जाऊन पाहिले, खरेच लिहिली आहे. टबाची छायाचित्रे मात्र पाचाची सहा झाली आहेत.

अलिप्त | ४ जानेवारी, रात्री ९.१५

आमच्या वडिलांना ८१ वे लागले आहे. त्या पुलाच्या घराचा ठावठिकाणा कळवता येईल का?

माजघर | ४ जानेवारी, रात्री ९.२०

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.